कशातच गोडी वाटत नाही, तेव्हा मेंदूत काय घडतं?

(अभ्यास पाठ : मासिक बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी)



बैठकीत आपण बचत, हप्ता, व्याज, बँक कर्ज यावर बोलतो. हिमोग्लोबिन आणि परसबाग यावरही आता मोकळेपणानं बोलायला लागलोय. या महिन्याचा पाठ मनाच्या आरोग्यावर आहे, आणि त्यातही एकाच गोष्टीवर : कशातच गोडी न वाटणं.

गावोगावच्या बैठकांत काही वाक्यं सारखी कानावर पडतात. "ती हल्ली येतच नाही, आली तरी कोपऱ्यात बसते." "शेळ्या चांगल्या चालल्या होत्या, सगळं सोडून दिलं तिनं." "भाचीच्या हळदीलाही गेली नाही, एवढी कसली घमेंड?" आणि त्या बाईला विचारलं तर ती एवढंच सांगते, "काही करावंसंच वाटत नाही हो." ती रडत नाही, तक्रार करत नाही. म्हणून ती आजारी असेल असं कुणाला वाटतच नाही.

गट मग नियमानं चालतो. गैरहजेरीचा दंड लागतो. दोन हप्ते थकले की कुजबुज सुरू होते. तिसऱ्या महिन्यात "हिला काढून दुसरी घेऊ" असा विषय निघतो. ज्या वेळी तिला गटाची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकी त्याच वेळी ती गटाबाहेर जाते. हा पाठ तिच्यासाठी आहे, आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या बाकीच्या जणींसाठीही.

१. दुःख वेगळं, नैराश्य वेगळं

दुःख कुणाला चुकलं आहे? पीक जातं, माणूस जातं, लेक सासरी त्रासात असते. रडू येतं, जेवण जात नाही. पण दुःखातल्या माणसालाही नातवानं गळ्यात हात टाकले की क्षणभर बरं वाटतं. हळूहळू मन परत लागायला लागतं.

नैराश्य, म्हणजे ज्याला आपण डिप्रेशन म्हणतो, तो आजार आहे. डॉक्टर त्यात दोन मुख्य लक्षणं बघतात. एक, मन सतत उदास असणं. दुसरं, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत गोडी न उरणं. या दोन्हींपैकी निदान एक लक्षण रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त असेल आणि सोबत झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला कमी लेखणं, मरणाचे विचार अशा तक्रारी असतील, तर तपासणी करून घ्यायला हवी.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पहिलं लक्षण नसतानाही नैराश्य असू शकतं. बाई उदास दिसत नाही, रडत नाही, पण तिची गोडी संपलेली असते. या दुसऱ्या लक्षणाला वैद्यकात ॲनहेडोनिया म्हणतात. आपल्याकडे बायका डॉक्टरला "मी निराश आहे" असं सांगतच नाहीत. अंग दुखतं, डोकं जड आहे, टेन्शन आहे, थकवा आहे असं सांगतात. त्यामुळे खरा आजार मागे राहतो.

हा आजार फार थोड्यांना होतो असंही नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात दिसलं की साधारण २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं. आता आपला हिशोब करा. ग्रामसंघात १५० सदस्य असतील, तर कमीत कमी सात-आठ जणी यातून गेलेल्या आहेत, जात आहेत किंवा पुढे जातील.

२. मेंदू आनंदाचा हिशोब कसा ठेवतो?

आनंद म्हणजे एकच गोष्ट, असं आपल्याला वाटतं. पण मेंदूचा अभ्यास करणारे त्याचे तीन भाग करतात. आपण त्यांना सोपी नावं देऊ : ओढ, चव आणि धडा.

ओढ म्हणजे एखादी गोष्ट मिळवावीशी वाटणं, त्यासाठी उठून कष्ट करावेसे वाटणं. चव म्हणजे ती मिळाल्यावर बरं वाटणं. धडा म्हणजे "हे केलं तर बरं वाटतं, पुन्हा करू" अशी मेंदूनं ठेवलेली नोंद.

म्हशीचं बघा. आंबोणाचं घमेलं वाजलं की ती कान टवकारते, दाव्याला ओढ देते. खाणं अजून तोंडाशी आलेलंही नसतं. पहिल्या दिवशी तो आवाज तिच्यासाठी साधा आवाज होता. रोजच्या सवयीनं ती शिकली, की हा आवाज आला म्हणजे खाणं येणार.

वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं हेच माकडांच्या मेंदूत मोजून पाहिलं. मेंदूच्या मध्यभागी खोलवर काही पेशी असतात, त्या डोपामिन नावाचं रसायन सोडतात. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्या पेशी जोरात कामाला लागायच्या. मग आधी दिवा लावून नंतर रस द्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी त्या पेशी रसाच्या वेळी नाही, तर दिवा लागताच जाग्या व्हायला लागल्या. दिवा लागला आणि रस आलाच नाही, तर त्या वेळी त्यांचं काम एकदम मंदावायचं. म्हणजे मेंदू सतत हिशोब करतो : किती मिळेल असं वाटलं होतं, आणि प्रत्यक्षात किती मिळालं? या कामासाठी शुल्ट्झ यांना पीटर डायन आणि रे डोलन यांच्यासोबत २०१७ चा ब्रेन प्राइझ हा मोठा पुरस्कार मिळाला.

म्हणून डोपामिनला नुसतं "आनंदाचं रसायन" म्हणणं अपुरं आहे. ते जास्त करून ओढीचं आणि धड्याचं रसायन आहे. "ऊठ, हे करण्यासारखं आहे" असं आतून सांगणारी ती यंत्रणा आहे.

३. नैराश्यात काय बिघडतं?

पहिलं, ओढ कमी होते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना दोन कामांतून एक निवडायला सांगितलं. सोपं काम म्हणजे ७ सेकंदांत ३० वेळा बटण दाबायचं, बक्षीस थोडं. अवघड काम म्हणजे २१ सेकंदांत १०० वेळा, तेही करंगळीनं दाबायचं, बक्षीस जास्त. नैराश्य असलेल्या लोकांनी अवघड काम कमी वेळा निवडलं. पैसे नको होते असं नाही. कष्ट आणि फळ यांचा तराजू मनात मांडला जातो, त्यात कष्टाचं पारडं फार जड झालेलं असतं. निरोगी बाईला बैठकीला जाणं म्हणजे दहा मिनिटांची वाट. नैराश्य असलेल्या बाईला तीच वाट डोंगर चढण्यासारखी वाटते.

दुसरं, आनंद टिकत नाही. २००९ साली अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन विद्यापीठात लोकांना चांगली, सुखद चित्रं दाखवून ती भावना मनात वाढवायला सांगितलं, आणि तेव्हा त्यांच्या मेंदूची तपासणी केली. आनंदाशी जोडलेला मेंदूचा भाग सुरुवातीला दोन्ही गटांत सारखाच जागा झाला. पण जसजसा वेळ गेला, तसतसा तो नैराश्य असलेल्यांमध्ये मंदावत गेला. म्हणजे दिवा लागतो, पण तेवत राहत नाही. म्हणूनच ती बाई हळदी-कुंकवाला एखाद्या वेळी हसते, आणि लोक म्हणतात, "बघा, काही झालेलं नाही हिला." ते हसणं खोटं नसतं. फक्त ते घरी पोहोचेपर्यंत पुरत नाही.

तिसरं, धडा पक्का होत नाही. एखादी गोष्ट करून बरं वाटलं, तरी मेंदू त्याची नोंद कच्ची ठेवतो. उलट कुणी केलेली टीका, झालेली चूक मात्र ठळक लिहिली जाते. खतावणीत जमा पुसट आणि नावे ठळक लिहिलं, तर महिनाअखेरी काय दिसेल? तोटाच.

आणि चव? काही अभ्यासांत नैराश्य असलेल्यांना साखरेचं पाणी चाखायला दिलं, तर ते इतरांइतकंच चांगलं लागल्याचं त्यांनी सांगितलं. म्हणजे पुष्कळ वेळा चव पूर्ण मेलेली नसते. तिथपर्यंत नेणारी ओढ थकलेली असते. काहींची चवही कमी होते, विशेषतः आजार फार वाढला तर. पण बऱ्याच जणींच्या बाबतीत एक आशेची जागा शिल्लक असते, आणि उपचार तिथूनच सुरू होतो.

४. हे होतं कशामुळे?

एकच कारण नाही. काही घराण्यांत हा आजार जास्त आढळतो. बाळंतपणानंतर होऊ शकतो. फार दिवस चाललेला ताण हे मोठं कारण आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की आठवडेच्या आठवडे लहान-लहान त्रास देत राहिलं, तर साखरेच्या पाण्याची त्यांची आवड कमी होते. एक मोठा धक्का बसलाच पाहिजे असं नाही. रोजची भांडणं, कर्जाची चिंता, नवऱ्याची दारू, पाण्यासाठी वणवण, हा रोजचा ताणही मेंदूला थकवतो.

काही वेळा थायरॉइड किंवा रक्तक्षय यांतही अशीच मरगळ येते. म्हणून रक्ताची तपासणी आधी करून घ्यावी. आणि "डोपामिन कमी पडलं, गोळी घेतली, भरून निघालं" इतकंही हे सोपं नसतं. शरीर, परिस्थिती आणि माणसं, तिन्हींचा त्यात वाटा असतो.

पण एक नक्की. हा आळस नाही, घमेंड नाही, बाहेरची बाधाही नाही. "मन घट्ट कर" म्हणून हा आजार जात नाही.

५. आधी इच्छा की आधी कृती?

आपण सगळ्या म्हणतो, मन झालं की करू. निरोगी असताना ते चालतं. नैराश्यात मन होण्याची वाट पाहिली, तर दिवसेंदिवस माणूस अंथरुणातच राहतो. काही न केल्यामुळे बरं वाटण्याची एकही संधी मेंदूला मिळत नाही, आणि ओढ आणखी कमी होते. हे चक्र असंच फिरत राहतं.

शेतातल्या मोटरीत हवा धरली की बटण कितीही वेळा दाबा, पाणी येत नाही. विहिरीत पाणी असतं, मोटरही जळालेली नसते. वरून दोन-चार बादल्या पाणी ओतून पाइप भरावा लागतो, मग ती पाणी उचलते. नैराश्यात छोटी कृती म्हणजे ते वरून ओतलेलं पाणी. आधी कृती, मग इच्छा.

आपल्या शेजारच्या गोव्यात हे करून पाहिलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेनं तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ लोक त्यात होते. त्यातल्या निम्म्या लोकांना नेहमीच्या उपचारासोबत 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' नावाचं समुपदेशन मिळालं. ६ ते ८ भेटी, आणि भेटणारे समुपदेशक म्हणजे प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं. त्यांच्याकडे मानसोपचाराची पदवी नव्हती. भर कशावर? छोट्या, ठरवून केलेल्या, बरं वाटेल अशा कृतींवर. २०१७ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात निकाल छापून आला. तीन महिन्यांनी नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी ३९ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. ज्यांना हे समुपदेशनही मिळालं, त्यांच्यात हे प्रमाण ६४ टक्के होतं. प्रशिक्षण मिळालं तर गावातली माणसंही मोठा आधार देऊ शकतात, हे यातून दिसलं.

६. सुरुवात कशी करायची?

• कृती अगदी छोटी ठरवा. "उद्यापासून रोज बैठकीला येईन" नको. "उद्या चहा झाल्यावर दारातल्या तुळशीला पाणी घालून पाच मिनिटं उन्हात बसेन" एवढंच.

• वेळ आणि जागा पक्की करा. "जमेल तेव्हा" म्हटलं की ते जमत नाही. "चार वाजता, जाऊबाईसोबत, मारुतीच्या देवळापर्यंत" असं ठरवा.

• कुणाला तरी सोबत घ्या. एकटीनं उठणं जड जातं. दारात कुणी येऊन उभं राहिलं की निम्मं काम होतं.

• आधी आणि नंतर मोजा. करण्याआधी स्वतःला विचारा, "यात मला दहापैकी किती बरं वाटेल?" झाल्यावर पुन्हा विचारा. आधी "एक" म्हटलेलं नंतर "तीन" निघालं, तर ते वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर भिंतीवर तेवढ्या रेघा ओढा. मेंदू जमा पुसट लिहितो, म्हणून आपण ती ठळक लिहायची.

• बरं वाटलं तर लगेच पुढच्या कामाला पळू नका. दोन मिनिटं तिथंच थांबा. कुणाला तरी सांगा.

• एखाद्या दिवशी नाही जमलं, तर दुसऱ्या दिवशी आणखी छोटी कृती घ्या.

एक महत्त्वाची सूचना. छोटी कृती म्हणजे आणखी घरकाम नव्हे. धुणी, भांडी, खुरपणी आपल्या वाट्याला आधीच भरपूर आहे. यादीत निदान एक गोष्ट तिची स्वतःची हवी : ओव्या म्हणणं, गोधडी शिवणं, मैत्रिणीकडे बसणं, केसांना निवांत तेल लावणं. घरच्यांनीही हे समजून घ्यावं.

आणि घरात मारहाण होत असेल, तर "फिरायला जा" हा त्यावर इलाज नाही. तिथं आधी सुरक्षितता. महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा. तातडी असेल तर ११२.

७. गटानं काय करायचं?

माझी सूचना अशी आहे. एखादी सदस्य कारण न सांगता दोन बैठकांना आली नाही, तर दंड लिहिण्याआधी दोघी जणी तिच्या घरी जाऊन याव्यात. हप्त्याचा विषय काढू नये. नुसतं बसावं, चहा प्यावा, विचारावं, "ताई, झोप लागते का? पूर्वी आवडायचं ते आता आवडतं का?" तिनं सांगितलं तर मध्ये न बोलता ऐकावं.

"सगळ्यांनाच टेन्शन असतं", "तुझ्यापेक्षा अमकीचं बघ", "पोराबाळांकडे बघून हस" ही वाक्यं टाळावीत. ती ऐकून तिला अपराधी वाटतं आणि ती आणखी गप्प होते. त्याऐवजी म्हणावं, "तुला बरं नाहीये, यात तुझा दोष नाही. उद्या चार वाजता मी येते, आपण दोघी मिळून जाऊ."

हप्त्याचं काय? गटाचे पैसे सगळ्यांचे आहेत, ते परत यायलाच हवेत. पण आजारपणात हप्त्याची मुदत वाढवून देणं हा निर्णय गट ठराव करून घेऊ शकतो. बाळंतपणात, ऑपरेशनच्या वेळी आपण घेतोच ना? हाही आजारच आहे. फक्त ठरावात "आजारपणामुळे" एवढंच लिहावं. तिनं विश्वासानं सांगितलेलं इतिवृत्तात येऊ नये आणि पाणवठ्यावर तर मुळीच जाऊ नये.

८. दवाखान्यात कधी न्यायचं?

दोन आठवड्यांहून जास्त दिवस गोडी गेलेली असेल, तर आशाताईंशी बोला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पुढे जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. सरकारी टेली मानस हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६. ती मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं. बैठकीच्या खोलीत हा नंबर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

मरणाबद्दल बोलणं, सगळ्यांची निरवानिरव करणं, खाणं-पिणं सोडणं, नसलेले आवाज ऐकू येणं, बाळंतिणीनं बाळाकडे पाहायचंच बंद करणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तिला एकटं सोडू नका. घरातलं कीटकनाशक कुलपात ठेवा किंवा दुसरीकडे हलवा. "मरायचे विचार येतात का?" असं सरळ विचारलं तर विचार मनात भरवला जातो, अशी भीती बाळगू नका. विचारल्यानं उलट तिला मोकळं व्हायला वाट मिळते.

पोलिसांच्या भीतीनंही काही घरं दवाखाना टाळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. बरं वाटलं म्हणूनही मनानं बंद करू नका. गोळ्या आणि छोट्या कृती एकत्र चालू शकतात.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गटात गेल्या सहा महिन्यांत कोण गप्प झाली आहे? (नाव मोठ्यानं घेऊ नका. मनात आठवा आणि या आठवड्यात तिच्या घरी जा.)

२. गैरहजेरीच्या दंडाआधी घरभेट, असा नियम आपण करायचा का? कोण दोघी जातील?

३. पूर्वी आवडायची पण आता सुटली, अशी प्रत्येकीची एक गोष्ट कोणती? त्यातली पाच मिनिटांची कोणती गोष्ट उद्या करता येईल?

दुसऱ्या प्रश्नावर तुमच्या गटानं काय ठरवलं ते ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत सांगा. मी वही घेऊन येणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक